नरसंहार शिकवायला घेताय?

पहिल्याच तासाला प्रेतांच्या ढिगांचे फोटो दाखवू नका. मुलं हादरतात, नजर वळवतात आणि त्या माणसांची ओळख 'प्रेत' एवढीच उरते. आधी त्यांचं जगणं दाखवा: शाळा, दुकानं, भाषा, भांडणंसुद्धा.

मग पायऱ्या. नाझी जर्मनीत १९३३ला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार, १९३५ला न्यूरेंबर्ग कायद्यांनी नागरिकत्व गेलं. संघटित कत्तल सुरू झाली १९४१मध्ये. खरा धडा या मधल्या वर्षांत आहे, पण बहुतेक जण तिथूनच घाईने पुढे सरकतात. प्रत्येक टप्प्यावर विचारा: इथे कारकून, पोलीस, शेजारी काय करू शकले असते? आफ्रिकेतल्या रवांडाचा १९९४चा नरसंहार घेतलात तर त्याच्या आधीपासूनची भाषा तपासा. त्यात मारल्या गेलेल्या तुत्सी समाजाला 'झुरळं' म्हणणं रेडिओवर रुळलं होतं.

'तू कैदी, तू पहारेकरी' असली नाटुकली टाळाच. यातना कळत नाहीत, फक्त खेळ रंगतो; कधी वर्गातलंच एखादं मूल त्यात भरडलं जातं. त्यापेक्षा नरसंहारातून वाचलेल्या माणसाच्या साक्षीचा पाच मिनिटांचा तुकडा ऐकवा, मग पाच मिनिटं गप्प लिहू द्या. शेवटची दहा मिनिटं प्रश्नांसाठी राखा, घंटेच्या तोंडावर विषय तोडू नका. 'कुठला नरसंहार मोठा' अशी चढाओढ लागली तर चर्चा आकड्यांवरून पद्धतींकडे वळवा.