एस्टेस या अमेरिकी कंपनीचं मॉडेल रॉकेट घरी मोठ्या आकारात बनवायचं आहे. सगळी मापं एकाच पटीत वाढवली की पुरतं का? खर्च किती येतो?

नाही, पुरत नाही. या एका मुद्द्यावर माझा आणि माझ्या दिरांचा सहा वर्षं वाद चाललाय, म्हणून जरा लांबण लागेल.

माझी आई सांगलीत ब्लाऊज शिवून द्यायची. बत्तीसच्या मापाचा कागद चाळीसला नेताना ती मला बजावायची की छाती वाढते तेवढा खांदा वाढत नाही, वाढवलास तर बाही दंडावर लोंबेल. रॉकेटचं तसंच आहे. आकार एका हिशोबानं वाढतो, वजन दुसऱ्या.

आम्ही कोलोरॅडो स्प्रिंग्जला राहतो. एस्टेस कंपनीचं गाव, पेनरोज, इथून तासाभराच्या आत. मुलगी अकरा वर्षांची असताना तिनं त्यांचं बिग बर्था नावाचं रॉकेट बांधलं. साठच्या दशकापासून चालत आलेलं मॉडेल, ६१ सेंटिमीटर लांब, ४१.६ मिलिमीटर जाड, चार गोलसर पंख, वजन साठ-सत्तर ग्रॅम. सी ६ मोटरवर (मोटर म्हणजे इंधन भरलेलं छोटं नळकांडं) इतकं शांतपणे वर जातं की ते मोठं करून बघायचा मोह कोणालाही व्हावा. उन्हाळ्यात दीर मिशिगनहून आले होते. ते गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करतात, हाताला उत्तम सफाई आहे. म्हणाले, "वहिनी, करूच आपण."

इथे एक कामाची गोष्ट: 'दुप्पट' असं आधी ठरवू नका. आधी नळी आणि नोज कोन, म्हणजे नाकाचा निमुळता तुकडा, कोणत्या जाडीचे मिळतात ते बघा, पट त्यावरून ठरते. आम्हाला चार इंची, म्हणजे बाहेरून १०२ मिलिमीटरची नळी मिळाली. १०२ भागिले ४१.६, म्हणजे २.४५ पट. लांबी दीड मीटर, मुलीपेक्षा उंच.

आता हिशोब बघा. २.४५ पटीला पृष्ठभाग सहापट होतो, पण तेच साहित्य वापरलं तरी वजन जवळजवळ पंधरापट. आणि लोक तेच साहित्य वापरत नाहीत, कारण मोठं म्हटलं की त्यांना मजबूत हवं असतं. मूळ पंख अडीच मिलिमीटर बाल्साचे, म्हणजे अगदी हलक्या लाकडाचे, आमचे आले सहाचे. भाऊजींनी ते बर्च प्लायवूडचे कापले. सुंदर कापले, कडा अशा घासल्या होत्या की हात फिरवत राहावं. पण चार पंखांचे ३०० ग्रॅम झाले. बाल्सात ७५ झाले असते. हे सगळं जादा वजन शेपटाला.

सीपी, म्हणजे हवेचा दाब जिथे एकवटतो तो बिंदू, आकारावर ठरतो. नासातल्या जेम्स बॅरोमन यांनी साठच्या दशकात तो कागदावर काढायची रीत बसवून दिली, आता ओपनरॉकेट हे फुकट सॉफ्टवेअर क्षणात काढून देतं. आकार एकाच पटीत वाढवला की सीपीही त्याच पटीत सरकतो, तिथे फसगत होत नाही. फसगत होते सीजीची, म्हणजे रॉकेट टांगलं तर जिथे तोललं जातं त्या बिंदूची, कारण तो वजनावर ठरतो. सीजी सीपीच्या पुढे, नाकाकडे, निदान एक नळीजाडी हवा. आमचा सीपी नाकापासून ११२ सेंटिमीटरवर येत होता, म्हणजे सीजी १०२ च्या अलीकडे हवा होता.

उडवायच्या आदल्या रात्री मी परकराच्या नाडीचा फास करून रॉकेट स्वयंपाकघरात पडद्याच्या दांडीला टांगलं आणि आडवं राहीपर्यंत फास सरकवत नेला. पेन्सिलची खूण आली १०५ वर. भाऊजी म्हणाले, सात सेंटिमीटर पुढे आहे, मोठ्या पंखांच्या रॉकेटला चालतं. मी म्हटलं, यात मोटर नाही. मोटर घातली आणि खूण गेली १०९ वर. तीन सेंटिमीटर राहिले. त्यावर त्यांचं उत्तर मला शब्दशः आठवतं: "वहिनी, मोटर जळते. हलकी होत जाते, सीजी पुढेच येणार."

खरं आहे, येतो. पण आमची जी ८० मोटर (सी ६ पेक्षा कितीतरी मोठी) जळते जेमतेम दीड-दोन सेकंद, आणि रॉकेट रेल, म्हणजे उडताना त्याला सरळ धरणारी दांडी, सोडतं तेव्हा ती जवळजवळ भरलेलीच असते. तोल लागतो तो त्याच क्षणी. मी हे बोलले, पण सकाळी मुलगी आणि नवरा दोघेही सामान गाडीत भरून तयार होते. मी हट्ट धरला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

प्यूब्लोच्या पूर्वेला मोकळी कुरणं आहेत, तिथे उडवलं. रेल सोडून दोन-तीन माणसं उंच गेलं, शेपूट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झटकलं आणि कोलांट्या खाऊ लागलं. धुराची वेटोळी झाली. मग गवतात आपटून नळी मधोमध मोडली आणि त्यानंतर कुठे पॅराशूट बाहेर ढकलणारा बार उडाला. सगळे लांब उभे होते म्हणून कोणाला काही झालं नाही. मुलगी रडली नाही, नुसती मोडलेल्या नळीकडे बघत उभी राहिली.

भाऊजी तेव्हापासून म्हणतात, वाऱ्यामुळे पडलं.

वाऱ्यामुळे नाही. तोल असलेलं रॉकेट वारा लागला तर वाऱ्याकडे तोंड करतं आणि तिरकं का होईना, नाक पुढे ठेवून जात राहतं. कोलांट्या खातं ते तोल नसलेलं रॉकेट. त्यावर त्यांचं म्हणणं, मग नाकात वजन घालायचं होतं, प्लायवूडला दोष का? घालून बघा हिशोबात. ते रॉकेट मोटरसकट १४५० ग्रॅम होतं. सीजी १०० वर आणायला नाकात दीडशे ग्रॅम लागले असते, म्हणजे एकूण १६००. अमेरिकेत विमान वाहतूक खात्याच्या परवानगीशिवाय उडवायची मर्यादा १५०० ग्रॅम आहे (आणि मोटरीत १२५ ग्रॅम इंधन). नाकात वजन नाही तर तोल नाही, वजन घातलं तर मर्यादा ओलांडते: म्हणजे प्लायवूडनं आमच्यासाठी दोन्ही वाटा बंद केल्या होत्या.

दुसरं रॉकेट मी आणि मुलीनं बांधलं. सहा मिलिमीटर बाल्सा, दोन्ही बाजूंनी साधा कागद पांढऱ्या गोंदानं चिकटवला, वर वजन ठेवून रात्रभर वाळवला. नुसता बाल्सा बोटानं मोडतो, कागद लावलेला मोडत नाही, करून बघा. बाल्साच्या शिरा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर हव्यात. पॅराशूट मी शिवलं, रिपस्टॉप नायलॉनचं, १२० सेंटिमीटर, कडा दुमडून दुहेरी शिलाई. नाकात ४० ग्रॅम माती. एकूण १२६० ग्रॅम, मोटर घालून नाडीवर खूण बरोबर १०० वर. तीच जागा, तीच रेल, तीच जी ८०, सात सेकंदांची डिले, म्हणजे जळून झाल्यावर तेवढ्या वेळानं पॅराशूटचा बार उडतो. तीनशे मीटरच्या जरा खाली गेलं, पूर्ण सरळ, आणि पॅराशूटखाली आलं तेव्हा एका पंखाचा फक्त रंग खरचटला होता.

खर्चाचं: मोटर हा खरा खर्च, कारण ती दर वेळी नवी लागते. बाकी नळी, बाल्सा, गोंद यांचा बाऊ करू नका. नोज कोन महाग पडतो, तो मोडू देऊ नका.

दोन गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. प्लायवूड नेहमीच चूक असतं असं नाही. एच-आयच्या, म्हणजे जीपेक्षा ताकदवान मोटरी आणि त्यांना लागणाऱ्या लेव्हल १ प्रमाणपत्रापर्यंत गेलात की वेगामुळे ते लागतंच, पण मग नाकातलं वजन पहिल्या दिवसापासून हिशोबात धरा. आणि तुम्ही भारतात असाल तर मोटर घरी बनवायच्या भानगडीत अजिबात पडू नका. स्फोटकांचे नियम बघणाऱ्या पेसोचं मुख्यालय नागपुरातच आहे, काय चालतं ते तिथून लेखी विचारून घ्या. इथेही उन्हाळ्यात आगीच्या भीतीनं बंदी असते, ती पाळा.

राहिला वारा. पहिल्या दिवशी ताशी १३ किलोमीटर होता, दुसऱ्या दिवशी १८. दोन्ही आकडे त्या त्या दिवशी मैदानातच मुलीच्या अक्षरात वहीत लिहिलेले आहेत, शेजारी नाडीवरच्या दोन्ही खुणांची मापं आहेत. ते पान मी गेल्या गणपतीत भाऊजींना पाठवलं. तुम्हाला पंखांची मापं हवी असतील तर विचारा, त्याच वहीत आहेत.