वाचकांचे प्रश्न : हजेरीपटातली युद्धाची वर्षं

मराठवाड्यातल्या गावोगावच्या जुन्या हायस्कुलांबद्दल काही पत्रं आली आहेत. बहुतेकांचा रोख एकच आहे. 1939 ते 1948 या काळात, म्हणजे महायुद्ध सुरू झाल्यापासून निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शनपर्यंत, एका वर्गात शिकलेल्या मुलांचा इतिहास कसा गोळा करायचा? निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

आजोबा उदगीरच्या शाळेत 1948 पर्यंत होते. त्यांच्या वर्गावर पुस्तिका करायची आहे. हयात असलेले दोघं जण सापडलेत. त्यांच्या आठवणींपासून सुरुवात करू का?
— एक वाचक, उदगीर

आठवणी थोड्या थांबू द्या, आधी वर्गाची यादी तयार करा. नव्वदी पार केलेल्या माणसाला "वर्गात कोण कोण होतं?" असं विचारलं की पाच-सहा नावं येतात, आणि तीही पुढे ज्यांच्याशी संबंध राहिला त्यांची. यादी समोर ठेवून एकेक नाव वाचलं की "हा तर आमच्या वाड्याशेजारचा" असं आपोआप निघतं.

यादी एका कागदावर आयती मिळत नाही. शाळेतलं प्रवेश निर्गम रजिस्टर प्रवेशाच्या क्रमानं असतं, वर्गवार नसतं. 1943 साली पाचवीत आलेला आणि 1946 साली थेट आठवीत आलेला मुलगा दहावीत एकाच बाकावर बसले असले, तरी रजिस्टरात त्यांच्यामध्ये पाचपन्नास पानं असू शकतात. म्हणून तिन्ही कागद मागा: प्रवेश निर्गम रजिस्टर, त्या वर्गाचा हजेरीपट आणि वार्षिक परीक्षेचा निकालपट. हजेरीपट आणि निकालपट बऱ्याच शाळांनी केव्हाच रद्दीत काढले आहेत, प्रवेश निर्गम मात्र सहसा जपलेलं असतं, कारण दाखल्यासाठी आजही तेच उघडतात.

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, खासगी संस्था असेल तर प्रत सचिवांनाही. कारण स्पष्ट लिहा, आणि रजिस्टर शाळेबाहेर नेणार नाही हे आवर्जून लिहा. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधात निजामकालीन रजिस्टरं बाहेर काढली गेली. त्यामुळे कार्यालयात विचारून पाहा, कदाचित तुमच्या शाळेची पानं आधीच स्कॅन झालेली असतील.

उदगीरच्या बाबतीत एक खास अडचण आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते, आणि बीदर आता कर्नाटकात आहे. शिक्षण खात्याचा जिल्हा पातळीवरचा पत्रव्यवहार लातुरात शोधाल तर हाती काही लागणार नाही. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं, जिल्हा झाला 1982 साली. मॅट्रिकची परीक्षा उस्मानिया विद्यापीठाची, म्हणून तो धागा हैदराबादकडे जातो. तिथे तारनाक्याला तेलंगणचं राज्य अभिलेखागार आहे, निजाम सरकारच्या खात्यांचे कागद तिथे पाहायला मिळतात.

रजिस्टर उर्दूत आहे आणि तारखा "तीर 1357" अशा आहेत. इंटरनेटवर बदलून पाहिलं तर भलतंच साल येतं.
— एक शिक्षिका, सेलू

इंटरनेटवरचं साधन इराणी पंचांग धरून चालतं. महिन्यांची नावं तीच असली तरी वर्षाची सुरुवात आणि आकडा दोन्ही वेगळे आहेत. हैदराबाद संस्थानातली फसली ही सरकारी कालगणना ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायची आणि प्रत्येक महिना इंग्रजी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लागायचा. क्रम असा: आजुर (ऑक्टोबर), दै, बहमन, इस्फंदार (जानेवारी), फरवर्दी, उर्दीबेहिश्त, खुर्दाद (एप्रिल), तीर, अमरदाद, शहरेवर (जुलै), मेहर, आबान (सप्टेंबर). आजुर, दै आणि बहुतेक बहमन यांसाठी फसली सालात 590 मिळवा. बहमनच्या शेवटी 1 जानेवारी येते, तिथून आबानपर्यंत 591 मिळवा. म्हणजे आजुर 1357 म्हणजे ऑक्टोबर 1947, आणि तुमचा तीर 1357 म्हणजे मे 1948, जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. पोलीस अ‍ॅक्शनचे 13 ते 17 सप्टेंबर 1948 हे दिवस आबान 1357 मध्ये येतात. इतका हिशेब पुस्तिकेला पुरतो. नेमका दिवस छापायचा असेल तर त्या काळच्या, दोन्ही तारखा असलेल्या छापील पंचांगावरून किंवा सरकारी कागदावरून पडताळा.

उर्दूच्या बाबतीत आधी रकाने ओळखा. पान उजवीकडून वाचायचं. वल्दियत म्हणजे वडिलांचं नाव, सकूनत म्हणजे राहण्याचं गाव, जमात म्हणजे इयत्ता: हश्तुम आठवी, नहुम नववी, दहुम दहावी. शाळेच्या नावात तहतानिया असेल तर प्राथमिक, वस्तानिया असेल तर मिडल आणि फौकानिया असेल तर हायस्कूल. शेवटचा कैफियतचा, म्हणजे शेऱ्याचा, रकाना कधीच सोडू नका. शाळा का सुटली हे लिहिलं असलं तर तिथेच असतं.

वाचताना फसगत ठरलेल्या जागी होते. घाईतल्या शिकस्ता लिपीत नुक्ते (अक्षरांचे ठिपके) गळतात, म्हणून ब, त आणि न यांत गोंधळ होतो. उर्दूत ळ नाही, ण नाही. काळेचा काले होतो, गणपतचा गनपत, बाळूचा बालू. ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. म्हणून वाचणाऱ्याला एकट्याला बसवू नका. उर्दू जाणणारी एक व्यक्ती आणि गावातली आडनावं ठाऊक असलेली एक व्यक्ती अशी जोडी बसवा, एकानं अक्षरं सांगायची, दुसऱ्यानं घराणं. शंका असेल तिथे दोन्ही वाचनं लिहून ठेवा. जन्मतारखेवर मात्र फार भिस्त ठेवू नका, त्या काळात वय बरेचदा अंदाजानंच सांगितलं जाई.

वडिलांच्या दाखल्यावर 1947 च्या अखेरीस "सतत गैरहाजर, नाव कमी" असं आहे. त्यांनी शिक्षण सोडलं असा अर्थ घ्यायचा का?
— एक वाचक, हदगाव

लगेच तसा निष्कर्ष काढू नका. त्या वर्षी गैरहजेरीमागे तीन मोठी कारणं होती.

पहिलं, चळवळ. हैदराबाद स्टेट काँग्रेसनं 7 ऑगस्ट 1947 हा "भारतात सामील व्हा" दिन पाळला आणि 15 ऑगस्टला स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. त्यानंतर विद्यार्थ्यांनी शाळा-कॉलेजं सोडली. शिंदीची झाडं तोडणं, करोडगिरी (जकात) नाक्यांवर हल्ले, लेव्हीला (सक्तीच्या धान्यवसुलीला) विरोध यांत थोराड मुलं होती. विद्यार्थ्यांची ही परंपरा त्याआधीची, 1938 साली वंदे मातरम् म्हटल्याबद्दल काढून टाकलेल्या मुलांना नागपूर विद्यापीठानं सामावून घेतलं होतं. दुसरं कारण स्थलांतर. रझाकारांच्या (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेच्या) भीतीनं कुटुंबंच्या कुटुंबं संस्थानच्या हद्दीपलीकडे गेली. तिसरं कारण साधं, पण तितकंच खरं: फी थकली, बाप आजारी पडला, शेताला माणूस हवा होता.

कोणतं कारण तुमच्या वडिलांचं, हे रजिस्टरच बऱ्याच अंशी सांगतं. त्यांच्या नावाच्या आगेमागे पाहा. एकाच घरातल्या दोन-तीन भावंडांची नावं एका आठवड्यात कमी झाली असतील तर कुटुंब हललं असावं. एकाच वर्गातली पाच-सात मुलं एकदम गेली असतील तर बहिष्काराची शक्यता अधिक. थोरला एकटाच गेला आणि धाकटा त्याच शाळेत राहिला, तर तुरुंग, हद्दीपलीकडचा चळवळीचा कॅम्प किंवा शेत, आणि तिथे घरच्यांनाच विचारावं लागेल. नाव कमी झाल्याची तारीख म्हणजे मुलगा गेल्याची तारीख नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा. नाव लगेच काढत नसत, काही काळ गैरहजेरी मांडून मग कमी करत. हजेरीपट मिळाला तर शेवटची हजेरी पाहा, खरी तारीख ती.

हदगावची माणसं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात, उमरखेडकडे गेलेली असण्याचा संभव मोठा. उमरखेडला चळवळीचा कॅम्पही होता. तिथल्या शाळांची 1947-48 ची रजिस्टरं पाहा. "मागील शाळा" या रकान्यात तुमच्या शाळेचं नाव सापडलं तर प्रश्न मिटला. उस्मानाबाद बाजूच्या मंडळींनी बार्शी आणि सोलापूर पाहावं, औरंगाबाद बाजूच्यांनी मनमाड. तिकडे मॅट्रिक झालेल्या मुलाचं नाव उस्मानियाच्या निकालात येणार नाही, म्हणून तो नापास झाला किंवा घरी बसला असं लिहून मोकळं होऊ नका.

फी "1 रु. 12 आणे हाली" आहे. हे किती?
— एक वाचक, जालना

दीड रुपया कलदार. निजामाचे 7 हाली रुपये म्हणजे इंग्रजी हद्दीतले 6 कलदार रुपये, हा सरकारी दर होता. पुस्तिकेत मूळ आकडाच छापा आणि हा दर एकदा तळाशी द्या. आजच्या रुपयांत किंमत काढण्याच्या भानगडीत पडू नका. त्याऐवजी त्या वर्षी ज्वारीचा भाव काय होता हे जुन्या आडत दुकानाच्या वहीत सापडलं, तर वाचकाला त्या फीचं ओझं लगेच कळेल.

वयोवृद्धांशी बोलताना सन-तारखा जुळत नाहीत. एकच गोष्ट कधी 47 ची, कधी 48 ची सांगतात.
— वाचक, अंबाजोगाई

सन विचारूच नका, सण विचारा. 1947 साली अधिक श्रावण होता, 15 ऑगस्ट त्याच महिन्यात आला. त्यामुळे त्या वर्षी पोळा, गणपती सगळंच उशिरा. 1948 साली पोळा सप्टेंबरच्या सुरुवातीलाच झाला आणि पोलीस अ‍ॅक्शनचे पाच दिवस गणेशोत्सवात आले. तिथींच्या दृष्टीनं 1947 हे साल 2023 सारखं आणि 1948 हे 2024 सारखं, तेव्हा घरातली अलीकडची कालनिर्णयं काढलीत तरी अंदाज येतो. मुस्लिम कुटुंबांत बोलताना 1948 ची रमजान ईद ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आणि बकरी ईद ऑक्टोबरच्या मध्याला होती, हे टिपून न्या. "फौज आली तेव्हा गणपती बसलेले होते का? बकरी ईद गावातच केली का?" अशा प्रश्नांना उत्तरं पक्की येतात.

पहिल्या भेटीत कोरा कागद घेऊन वर्गाचा नकाशा काढायला सांगा: फळा कुठे, दार कुठे, कोण कुठे बसायचं, गुरुजींची खुर्ची, पाण्याचा रांजण. मग लिहिण्याच्या साधनांवर या. महायुद्धात कागदाची टंचाई होती; पाटीवर किती दिवस भागवलं, वही कुठून यायची, शाई घरी कालवायचे का, रात्री रॉकेल नसलं तर अभ्यास कशावर? मराठी घरातल्या मुलानं भूगोल आणि गणित उर्दूतून कसं शिकलं, हे नक्की विचारा. पाढे मराठीत पाठ आणि उत्तरपत्रिका उर्दूत, ही कसरत त्या पिढीबरोबरच संपली, आणि तिच्याबद्दल लिहिलेलं फार थोडं आहे.

बैठक पाऊण तासाची ठेवा, शक्यतो सकाळी. पंखा बंद करा, मोबाइल विमानमोडवर टाकून वीतभर अंतरावर ठेवा. आधी परवानगी घ्या आणि तीही रेकॉर्ड करा. मुलगा किंवा सून शेजारी बसून वाक्यं पूर्ण करत असतील, तर त्यांना नम्रपणे सांगा की तुमचं वेगळं रेकॉर्ड करू. फाइलला त्याच दिवशी नाव द्या (नाव, गाव, तारीख) आणि दोन ठिकाणी प्रत ठेवा.

ग्रुप फोटो आणि सनद लॅमिनेट करून ठेवावी का?
— वाचक, परभणी

मुळीच नको. उष्णतेनं चिकटलेलं प्लास्टिक नंतर निघत नाही. सेलोटेपही नको, गोंद पिवळा पडून कागद खातो. युद्धकाळातला कागद हलका आणि ठिसूळ, घडीवर तुटतो. घडी जबरदस्तीनं उलगडू नका. मऊ ब्रशनं धूळ काढा, सपाट ठेवा, फोटो 600 डीपीआयवर स्कॅन करा. मागची बाजूही करा, स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीतली नावं तिथेच असतात.

आमच्या गावच्या 1948 च्या वर्गात निम्मी मुलं मुस्लिम होती. नंतर ती दिसत नाहीत. समितीत काही जण म्हणतात, हा विषय नको.
— एक वाचक, धाराशिव जिल्हा

वर्गाचा इतिहास लिहायचा तर हा विषय टाळता येणार नाही. रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली, हे त्या वर्गातल्या मुलांनी पाहिलं. फौज आल्यानंतरच्या आठवड्यांत मुस्लिम वस्त्यांवर हल्ले झाले, हेही त्याच वर्गातल्या मुलांनी भोगलं. पंडित सुंदरलाल समितीनं 1948 च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. त्यात मृतांचा अंदाज किमान 27 ते 40 हजार आहे, आणि सर्वांत जास्त झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. यातली एक बाजू गाळली की निम्म्या बाकांवरची मुलं का उठून गेली, हे तुमच्या पुस्तिकेतून कुणालाच कळणार नाही.

शोध घेताना गावातल्या मुस्लिम शिक्षकाला किंवा वकिलाला समितीत घ्या, नुसतं माहितीपुरतं बोलावू नका. पुष्कळ कुटुंबं हैदराबादला गेली, काही पाकिस्तानात. गावात राहिलेल्या एखाद्या नातेवाइकाकडे लग्नपत्रिकांमुळे पत्ते असतात. पहिल्या भेटीत दंगलीचा विषय काढू नका. फोटो आणि यादी न्या, गुरुजींबद्दल विचारा, पुढचं ते सांगतील तेवढंच घ्या. नाव छापायला नकार आला तर तो पाळा.

पुस्तिकेतली यादी आडनावाप्रमाणे लावू नका, हजेरीपटाच्या क्रमानं छापा. ज्याच्याबद्दल काहीच कळलं नाही त्याचं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि शेवटच्या हजेरीची तारीख द्या, आणि पुढे तीन ओळींची जागा रिकामी सोडा. पहिल्या छपाईत शंभरच प्रती काढा. वाचून कुणीतरी पेननं त्या ओळी भरून परत पाठवील, तेव्हा दुसरी आवृत्ती काढायची.