लघवीला जळजळ होते, काल लघवीच्या शेवटी रक्ताचे थेंब दिसले. वय ४८. डॉक्टरांना सांगायची लाज वाटते. दोन दिवस भरपूर पाणी पिऊन बघू का?

नका बघू. आजच जा. पाणी प्या, पण डॉक्टरांकडे जाता जाता.

मीही 'दोन दिवस बघू' म्हणालो होतो, त्या दोनाचे नऊ झाले. आधी नुसते उन्हाळे लागल्यासारखं वाटायचं. दर वीस मिनिटांनी उठायचं आणि चार थेंबांसाठी दात आवळून उभं राहायचं. मग एका पहाटे पांढऱ्या भांड्यात गुलाबी रेघ उतरताना दिसली. मी फ्लश केलं. बायकोलाही बोललो नाही. कपाटात कुणाच्या तरी जुन्या दुखण्यातल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्या होत्या, त्या सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला तेव्हा कुठे गेलो.

त्या गोळ्यांनी घोळ घातला तो असा. लघवी कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवली आणि रिपोर्ट आला 'नो ग्रोथ'. अंगात औषध होतं म्हणून डबीत जंतू वाढलेच नाहीत. मग कोणता जंतू, त्याला कोणतं औषध लागू पडतं, काही कळेना. डॉक्टरांनी अंदाजाने दिलेलं पहिलं औषध लागू पडलं नाही, दुसरं द्यावं लागलं. म्हणून एवढं ऐका: पहिली गोळी घेण्याआधी लघवीचा नमुना द्या. सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची, डबीच्या आत बोट लावायचं नाही, आणि दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचवायची. तेवढ्यात जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवायची. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात. नमुना दिल्यावर डॉक्टरांनी लगेच औषध सुरू केलं तर बिनधास्त घ्या.

लाज वाटते म्हणालात. माझ्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "रक्त सुरुवातीला येतं, शेवटी, की पूर्ण धारेत?" इतक्या कोरड्या सुरात, की माझी लाज तिथेच गळून पडली. प्रश्नाला अर्थ आहे. सुरुवातीचं रक्त बहुतेकदा मूत्रमार्गातलं, शेवटचं मूत्राशयाच्या तोंडापाशी किंवा प्रोस्टेटपाशी (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी), पूर्ण धारेतलं मूत्राशयातून किंवा त्याच्या वरून. नक्की निदान यावरून होत नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. त्यामुळे नीट आठवून जा. सोनोग्राफी सांगतील, प्रोस्टेट गुदद्वारातून बोटाने तपासतील. ते अर्ध्या मिनिटाचं काम आहे, त्याचा बाऊ करू नका.

ताप-थंडी, कुशीत किंवा पाठीत कळा, उलट्या, रक्ताच्या गाठी, किंवा लघवी अडणं, यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी इमर्जन्सीत जा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तसं सांगा, पण मनाने बंद करू नका. आणि 'त्या गोळ्यांमुळेच रक्त आलं असेल' म्हणून घरी बसू नका. बीट खाल्ल्याने किंवा टीबीच्या रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते हे खरं, पण सोबत जळजळ असताना त्यावर हवाला ठेवण्यात अर्थ नाही.

जळजळ गेली, रक्त थांबलं की आपण बरे झालो असं वाटतं. कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी लघवी पुन्हा तपासून घ्या. माझ्या रिपोर्टमध्ये सहा आठवड्यांनीही लाल पेशी होत्या, म्हणून दुर्बिणीने आतून तपासलं. प्रोस्टेट वाढलेलं निघालं, बाकी काही नाही. हे तपासतात कारण मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा काहीही न दुखता रक्त जातं, मग आपोआप थांबतं, आणि माणूस विसरून जातो. सिगारेट ओढत असाल, किंवा पूर्वी ओढली असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगून टाका.