आइसलंडच्या गरम पाण्यात उतरण्यापूर्वी: वाचकांचे प्रश्न

आइसलंडला निघालेल्या वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. व्हिसा, विमान आणि उत्तर ध्रुवीय प्रकाश हे विषय बाजूला ठेवून या वेळी फक्त गरम पाण्याचे प्रश्न घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: तलावात उतरण्याआधी सगळ्यांसमोर कपडे काढून आंघोळ करावी लागते, हे खरं का? सोबत सासूबाई आणि कॉलेजात जाणारी मुलगी आहे. दोघींनी आत्ताच नकार दिला आहे. (ठाणे)

खरं आहे, आणि त्यातून सूट मिळत नाही. मात्र ‘सगळ्यांसमोर’ म्हणजे फक्त बायकांसमोर. पुरुषांची आणि बायकांची चेंजिंग रूम पूर्ण वेगळी असते. शॉवरपाशी भिंतीवर शरीराचं चित्र असतं आणि त्यात डोकं, काखा, जांघा व पाय लाल रंगाने दाखवलेले असतात. एवढे भाग स्विमसूट न घालता, साबण लावून धुवायचे. साबण तिथेच असतो. कोणी स्विमसूट घालून नुसतं पाणी अंगावर घेतलं, तर तिथली कर्मचारी बाई सरळ परत पाठवते. त्यात अपमान मानू नका, स्थानिकांनाही तोच नियम आहे.

कारण सोवळ्याचं नाही, रसायनाचं आहे. आइसलंडच्या तलावांत क्लोरीन कमीत कमी ठेवतात आणि ब्लू लगून या प्रसिद्ध दुधाळ गरम तळ्यासारख्या ठिकाणी मुळीच घालत नाहीत. अंगावरचा घाम, तेल, क्रीम पाण्यात गेलं की क्लोरीन त्यातच खर्च होतं. शिवाय घामातल्या युरियाशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतं. डोळे चुरचुरवणारा ‘तलावाचा वास’ क्लोरीनचा असतो असं आपण समजतो, पण तो बहुतांशी या क्लोरामाइनचा असतो.

क्रम नीट लक्षात ठेवा, घोटाळा इथेच होतो. बूट चेंजिंग रूमच्या बाहेरच काढून कपाटात ठेवायचे. आत लॉकरपाशी सगळे कपडे काढायचे आणि टॉवेल, स्विमसूट हातात घेऊन शॉवरकडे जायचं. टॉवेल तिथल्या रॅकवर ठेवायचा. आंघोळ झाली की ओल्या अंगावरच स्विमसूट चढवून बाहेर पडायचं. परतताना पुन्हा शॉवर घ्यायचा आणि अंग शॉवरच्या भागातच कोरडं करून मग लॉकरकडे जायचं. पर्यटक नेमकं हेच विसरतात. निथळत लॉकरपाशी आलात, तर तिथली फरशी ओली होते, मागून येणाऱ्याचे मोजे भिजतात, आणि ओल्या मोज्यांनी उणे पाच अंशांत बाहेर पडायला कोणालाच आवडत नाही. टॉवेल लॉकरमध्ये विसरलात तर हे होणारच.

आडोसा हवाच असेल, तर ब्लू लगूनमध्ये दार असलेले शॉवर आहेत. राजधानी रेक्याविकजवळच्या स्काय लगून या दुसऱ्या गरम तळ्यावर महागड्या तिकिटावर स्वतंत्र खोली मिळते. नगरपालिकेच्या काही तलावांतही एखादी पडदा लावलेली जागा असते, काउंटरवर विचारा. स्विमसूट कसा असावा याबद्दल कोणी टोकत नाही. लांब बाह्यांचा, पायघोळ, बुर्किनी असं सगळं चालतं, फक्त कापड पोहण्याचं हवं. सुती लेगिंग किंवा सलवार चालत नाही.

प्रश्न: ब्लू लगूनच्या पाण्याने केस खराटा होतात म्हणे. आधी खोबरेल तेल चोपडलं तर? आणि मंगळसूत्राचं काय करायचं? (कोल्हापूर)

तेल लावू नका. ते पाण्यात उतरतं, आणि इथे तर क्लोरीनही नाही. शिवाय शॉवरमध्ये ते धुवावंच लागेल.

केस कडक होतात ते सिलिकामुळे, म्हणजे वाळूत असतं त्या खनिजामुळे. हे पाणी साधारण दोन भाग समुद्राचं आणि एक भाग गोडं असतं. जमिनीखालच्या तापलेल्या खडकातून ते सिलिका विरघळवून आणतं. वर येऊन थंड झालं की सिलिका सुटते. तोच पांढरा गाळ तळाशी बसतो आणि तोच केसांच्या खवल्यांतही बसतो. केसांचं कायमचं नुकसान होत नाही, पण दोन-तीन दिवस कंगवा फिरत नाही. उपाय असा: शॉवरमध्ये केस आधी साध्या पाण्याने पूर्ण भिजवा, म्हणजे ते खनिजांचं पाणी कमी शोषतील. मग तिथे फुकट मिळणारा कंडिशनर भरपूर लावा आणि धुऊ नका. लांब केस वर घट्ट बांधा आणि डोकं पाण्यात घालू नका. बाहेर आल्यावर आधी कंडिशनर, मग शाम्पू, मग पुन्हा कंडिशनर. थेट शाम्पू लावलात तर गुंता वाढतो. केसांना रंग किंवा केराटिन केलं असेल, तर ही काळजी दुप्पट घ्या. नगरपालिकेच्या तलावांत हा त्रास नाही.

दागिने हॉटेलच्या खोलीतच राहू द्या. पैंजण, जोडवी, चांदीच्या अंगठ्या पाण्यातल्या गंधकाने काळ्या पडतात, तांबं आणि पॉलिश केलेले दागिनेही. शुद्ध सोन्याला धोका नाही, पण दागिना शुद्ध सोन्याचा नसतो. शिवाय या दुधाळ पाण्यात काही निसटलं, तर दोन फुटांखालचंही दिसत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स काढा.

प्रश्न: ब्लू लगून नैसर्गिक झरा आहे ना? एवढे पैसे घालावेत का? तिथे ज्वालामुखी फुटतोय असंही वाचलं. (पुणे)

नैसर्गिक झरा नाही. शेजारी स्वार्तसेंगीचं भूऔष्णिक वीजकेंद्र आहे. 1976 पासून तिथे जमिनीखालचं खारं, तप्त पाणी वर काढून त्यातली उष्णता वापरतात. वापरून झालेलं पाणी लाव्हाच्या सच्छिद्र खडकावर सोडलं जाई. ते मुरून जाईल असा अंदाज होता, पण सिलिकाने खडकाची छिद्रं बुजवली आणि तळं साचलं. लोक त्यात उतरू लागले, 1987 मध्ये स्नानाची सोय झाली आणि 1999 मध्ये आजची जागा सुरू झाली. म्हणजे हे कारखान्याचं उरलेलं पाणी आहे, पण घाण नाही. त्यात फक्त खनिजं, शेवाळ आणि सिलिका आहे. तापमान 37 ते 40 अंश.

पैशांचं सरळ सांगतो. ब्लू लगूनचं तिकीट वेळेनुसार बदलतं, पण दहा हजार क्रोना धरूनच चाला. एक क्रोना म्हणजे ढोबळमानाने साठ-सत्तर पैसे. रेक्याविक नगरपालिकेच्या तलावाचं तिकीट त्याच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास पडतं. तिथेही भूगर्भातलंच गरम पाणी असतं आणि वेगवेगळ्या तापमानांचे हौद असतात, साधारण 38 पासून 44 अंशांपर्यंत. प्रत्येकावर आकडा लिहिलेला असतो. लॉइगरदाल्स्लॉइग हा सगळ्यांत मोठा. त्यात 50 मीटरचा उघडा तलाव आहे आणि खाऱ्या पाण्याचा वेगळा हौदही. 1937 चं सुंदहोट्लिन शहराच्या मध्यात आहे. आमच्या मते पाच दिवसांच्या सहलीत दोन संध्याकाळी या तलावांना द्याव्यात. स्थानिक माणसं आठवडाभराच्या गप्पा इथेच मारतात. ब्लू लगून एकदा जरूर पाहा, पण चार माणसांचं बजेट ताणून नव्हे.

जायचंच असेल तर आठवडाभर आधी तरी ऑनलाइन वेळ ठरवा, दारात जाऊन तिकीट मिळेलच असं नाही. केफ्लाविक विमानतळापासून ते वीसएक मिनिटांवर आहे, रेक्याविकहून पाऊण तास. म्हणून उतरल्या दिवशी किंवा परतीच्या दिवशी जाणं सोयीचं. सामान ठेवायची सोय आहे. परतीच्या दिवशी ठेवलंत, तर स्नानाची वेळ आणि उड्डाण यांत किमान सहा तास सोडा.

ज्वालामुखीचंही खरं आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये शेजारचं ग्रिंदाविक गाव रिकामं केलं, डिसेंबरपासून उद्रेकांची मालिका सुरू झाली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये लाव्हा ब्लू लगूनच्या गाडीतळावर आला. जाण्याच्या दिवशी सकाळी त्यांचं संकेतस्थळ बघा. फोनचं रोमिंग चालू ठेवा, कारण धोक्याची सूचना त्या भागातल्या फोनवर संदेशाने येते. आणीबाणीचा क्रमांक 112.

प्रश्न: वडील अडुसष्ट वर्षांचे, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही. त्यांनी उतरावं का? (नाशिक)

डॉक्टरांना विचारून, आणि 38 अंशांच्या हौदात. गरम पाण्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि दाब उतरतो. रक्तदाबाची गोळी आधीच तेच काम करत असते. पाण्यात असेपर्यंत काही जाणवत नाही, पण झटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून दहा मिनिटं झाली की आधी कठड्यावर बसायचं, मिनिटभर थांबायचं, मग कठडा धरून उभं राहायचं. पाणी प्यायचं. बिअर नको. गार पाण्याच्या हौदात उडी मारायचा तरुणांचा खेळ हृदयविकार असलेल्यांसाठी नाही.

इन्सुलिन घेत असतील, तर गरमीने ते त्वचेखालून लवकर शोषलं जातं आणि साखर अचानक उतरू शकते. इंजेक्शन घेऊन लगेच उतरू नये, जेवणानंतर थोडा वेळ जाऊ द्यावा, ग्लुकोजच्या गोळ्या सोबतच्या माणसाकडे असाव्यात. पायांची संवेदना कमी झाली असेल, तर पाणी पायाने कधीही अजमावू नये. तलावात आकडा वाचावा, बाहेर उघड्या झऱ्यांत उतरूच नये.

प्रश्न: डोंगरातल्या फुकट गरम नदीत आंघोळ करता येते का? वज्रेश्वरीसारखंच असेल ना? (डोंबिवली)

करता येते, पण वज्रेश्वरीसारखं नाही. कोकणपट्टीतले झरे ज्वालामुखीचे नाहीत. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं आणि तापून वर येतं. त्यांतल्या सगळ्यांत गरम झऱ्यांपैकी उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास असतं. आइसलंडमध्ये जमिनीवरच उकळतं पाणी भेटतं. दील्दरटुंगुक्वेर हा झरा सेकंदाला 180 लिटर पाणी सोडतो, तेही 97 अंशांचं. 64 किलोमीटरवरच्या आक्रानेस गावापर्यंत तेच पाणी नळाने घरं गरम करायला जातं. अशा ठिकाणी बोट बुडवूनही बघायचं नाही.

आंघोळीला सोपी जागा म्हणजे क्वेरागेर्दी गावाजवळची रेक्यादालुर दरी. गाडीतळाचे पैसे भरावे लागतात, नदी फुकट. एका बाजूने सुमारे तीन किलोमीटरची चढण आहे, तासभर लागतो. वरच्या अंगाला नदी जास्त गरम, खाली उतरावं तशी कोमट. म्हणून खालून सुरुवात करा आणि सोसेल तिथपर्यंत वर सरका. लॉकर किंवा शॉवर नाही, नुसते लाकडी आडोसे आहेत. प्लास्टिकची पिशवी न्या आणि कपडे घालण्याच्या उलट क्रमाने भरा, म्हणजे सगळ्यांत आधी लागणारे वर येतील. हिवाळ्यात वाट बर्फाने गुळगुळीत होते, बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे हवेतच.

वाट सोडू नका, ही सूचना मनावर घ्या. जिथे गवत नाही, माती फिकट पांढरी किंवा पिवळसर आहे आणि वाफ येते, तिथे वरचा थर पातळ असतो आणि खाली उकळता चिखल. फोटोसाठी टाकलेलं एक पाऊल घोट्यापर्यंत भाजायला पुरतं.

प्रश्न: तीन वर्षांचा मुलगा सोबत आहे. आणि जानेवारीत ओल्या अंगाने बाहेर कसं जायचं? (गोवा)

ब्लू लगूनमध्ये दोन वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आठ वर्षांपर्यंतच्यांना हाताला फुगे लावावेच लागतात, ते तिथे फुकट मिळतात. स्काय लगून बारा वर्षांखालच्यांना बंद. नगरपालिकेच्या तलावात मुलांसाठी उथळ कोमट हौद असतो, तुम्हाला तोच बरा. थंडीत वाफ इतकी दाटते की हातभर अंतरावरचं मूल दिसेनासं होतं, त्याला हाताशीच ठेवा.

थंडी वाजते ती दारापासून हौदापर्यंतच्या दहा-वीस पावलांत. लोकरीची टोपी घालून पाण्यात बसायला हरकत नाही, स्थानिकही बसतात. परतल्यावर केस ड्रायरने पूर्ण वाळवा, मगच वाऱ्यात जा. हॉटेलच्या नळाच्या गरम पाण्याला सडक्या अंड्याचा वास आला तर घाबरू नका, तो गंधकाचा. प्यायला फक्त गार नळ वापरा, आणि आधी अर्धा मिनिट वाहू द्या.