केस मागे बसतच नाहीत!

प्रश्न : माझे केस पुढे दोन बोटं, बहिणीचे खांद्यापर्यंत. मे महिन्यात लग्न आहे. दोघांनाही केस चापून मागे बसवायचेत. मी जेल लावलं की पांढरी पूड पडते. काय करावं?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : भाऊ, दोन बोटं केस मागे वळवले की उभेच राहतात. महिन्याला जेमतेम 1 सेंटिमीटर वाढ होते, म्हणून आतापासून फक्त बाजू बारीक करा, पुढचे राहू द्या. पूड पडते ती जेल जास्त झाल्याने आणि वाळल्यावर पुन्हा कंगवा फिरवल्याने. पाण्याने निघणारं पोमेड, म्हणजे केस बसवायचं मलम, घ्या. वाटाण्याएवढं तळहातावर चोळून ओलसर केसांना मुळापासून लावा, मग ब्रशने मागे ओढत ड्रायर, शेवटी थंड हवा. ही थंड हवा चुकवू नका, केस तिच्यानेच बसतात. आमच्या भुसावळच्या उन्हात घामाने तेल ओघळतं, त्या दिवशी तेल नकोच.

ताईंनी जेल फक्त कानापर्यंत लावावं, मागे सैल अंबाडा. घट्ट तर मुळीच बांधू नका. रोज ताण बसला की कपाळाजवळचे केस विरळ होतात. रात्री झोपण्यापूर्वी मात्र दोघांनीही डोकं धुवा.