वाचकांचे प्रश्न : बिअर घरी उकळायची, तर भांडं केवढं आणि बर्नर कुठला?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत टाउनहाउसमध्ये राहतो. पहिल्यांदाच ५ गॅलन बिअर करून बघायची आहे. स्वयंपाकघरात काचेच्या टॉपचा इलेक्ट्रिक स्टोव्ह आहे, मागे सिमेंटचं छोटं अंगण आहे. भांडं केवढं घ्यावं, स्टीलचं की ॲल्युमिनियमचं? आणि बाहेरचा गॅस बर्नर घ्यावाच लागतो का?

उत्तर : आधी आच ठरवा, भांडं त्यानंतर. मोठं चकचकीत भांडं आधी घरी येतं, मग ते स्टोव्हवर उकळतच नाही, आणि तिथेच उत्साह मावळतो.

५ गॅलन, म्हणजे १९ लिटर बिअर हाती लागायची, तर उकळायला साडेसहा गॅलन, जवळपास २५ लिटर वर्ट (माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पाणी) लागतं. तासाभरात गॅलनभर वाफ होते, थोडं तळाच्या गाळात जातं. एवढं पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला सुमारे २.३ युनिट उष्णता लागते. अडीच हजार वॅटची मोठी शेगडीही आजूबाजूला जाणारी उष्णता धरून सव्वा ते दीड तास घेते. खरी अडचण त्यापुढे आहे. तासाला ४ लिटर वाफ काढायची, तर थेट भांड्यात सतत अडीच किलोवॅट पोचायला हवेत. तेवढे पोचत नाहीत आणि वर्ट नुसतं सुळसुळत राहतं. टेबलावरचं इंडक्शन तर १२० व्होल्टवर १,८०० वॅटच्या पुढे जातच नाही.

खदखदून उकळी कशासाठी? हॉप्सचा (बिअरमध्ये घालायच्या कडू फुलांचा) कडवटपणा तासभराच्या उकळीत उतरतो, प्रथिनं गोळा होऊन खाली बसतात आणि उकडलेल्या मक्यासारखा वास देणारं डीएमएस हे रसायन वाफेबरोबर निघून जातं. म्हणून झाकण कधीही पूर्ण लावू नका.

तुमच्या स्टोव्हवर दोन गोष्टी जमतील. पहिली, अर्धा घाणा : साडेतीन गॅलन उकळा, अडीच गॅलन बिअर मिळेल. दुसरी, माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा तयार दाट पाक) वापरून ३ गॅलन उकळा आणि फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) उकळून गार केलेलं पाणी घालून ५ गॅलन करा. दोन्हींना २० क्वार्टचं, म्हणजे १९ लिटरचं भांडं पुरतं. दुसऱ्या पद्धतीत वर्ट दाट असल्याने कडवटपणा कमी उतरतो आणि रंग गडद होतो. त्यावर उपाय म्हणजे निम्मा एक्स्ट्रॅक्ट शेवटच्या १५ मिनिटांत घालायचा. एक्स्ट्रॅक्ट घालताना शेगडी बंद करा, भांडं बाजूला घ्या आणि तळ खरवडत ढवळा. न ढवळलेला पाक तळाला बसतो, करपतो, आणि ती चव पुढे कशानेही जात नाही. आम्ही सुरुवातीला अर्ध्या घाण्याचाच आग्रह धरू. उकळीही पुरी मिळते आणि १० लिटर वर्ट सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवून झटकन गार होतं. २० लिटरला तांब्याच्या नळीचा चिलर लागतो.

उकळी फुटायच्या जरा आधी वर करडा, दाट फेस धरतो आणि दूध उतू जावं तसा तो क्षणात वर येतो. हॉप्स टाकल्यावरही तेच होतं. भांड्याचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवा, हाताशी गार पाण्याची स्प्रे बाटली असू द्या, आणि ती दहा मिनिटं जागेवरून हलू नका.

भांडं स्टीलचंच घ्या, जाड थरांच्या तळाचं. तळ सपाट हवा आणि शेगडीच्या वर्तुळाबाहेर इंचभरापेक्षा जास्त जायला नको. काच किती वजन पेलते ते स्टोव्हच्या माहितीपुस्तिकेत बघा. स्टीलला ब्लीच लावू नका, बारीक खड्डे पडतात. थर्मामीटर आणि तोटी बसवलेलं महाग भांडं आत्ता नको. तोटीच्या आत वर्ट साचतं, ती प्रत्येक वेळी उघडून धुवावी लागते.

पुढेमागे पुरा ५ गॅलनचा घाणा करायचा झाला, तर १० गॅलनचं भांडं आणि ५० ते ६० हजार बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) प्रोपेन बर्नर घ्या. त्याआधी सोसायटीचे नियम विचारा. बर्नर फक्त उघड्यावर, भिंतीपासून लांब. गराजचं दार उघडं असलं तरी आत पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइड साचतो.

प्रश्न : पुण्यात केटररचा बर्नर आणि टोप भाड्याने आणून हेच करता येईल का?

उत्तर : नाही. अमेरिकेत १९७८च्या केंद्रीय कायद्याने घरच्यापुरती बिअर करायला मुभा मिळाली : एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २००. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे, बिअरसुद्धा त्यातच येते.

प्रश्न : टेक्सासमध्ये मित्राने टर्की तळायचा जुना सेट दिला आहे : ३० क्वार्टचं ॲल्युमिनियम भांडं आणि प्रोपेन बर्नर. पाणी उकळून पाहिलं तर भांडं खालून काळं झालं आणि बर्नर मध्येच विझतो.

उत्तर : भांडं चालेल. पण त्यात २८ लिटरच मावतं, तेव्हा १९ लिटरपेक्षा जास्त घेऊ नका. तेलाचा अंश राहिला तर बिअरचा फेस टिकत नाही, म्हणून साध्या भांड्याच्या साबणाने दोनदा घासा. मग काठोकाठ पाणी भरून अर्धा तास उकळा. आतून मळकट करडा थर येईल. तो ऑक्साइडचा थर आहे आणि तो हवाच, घासून चकचकीत करू नका. सोड्याची तीव्र क्लीनर पावडर ॲल्युमिनियमला खाते.

काजळी म्हणजे हवा कमी पडतेय. ज्योत पिवळी असेल तर बर्नरच्या मागची हवेची चकती निळी ज्योत येईपर्यंत उघडा. तरी फरक पडला नाही तर बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं आहे का बघा, पडून राहिलेल्या बर्नरमध्ये ते हमखास सापडतं. ज्योत आवाज करत बर्नरवरून उचलली जात असेल तर चकती थोडी मिटा.

विझण्याचं कारण बहुधा टायमर. तळणीच्या बऱ्याच बर्नरना सुरक्षेसाठी तो असतो आणि दर काही मिनिटांनी फिरवावा लागतो. तो काढून टाकू नका, तसंही उकळत्या वर्टपाशी उभं राहायचंच आहे. रबरी नळी जुनी असेल तर बदला. सिलिंडर उघडल्यावर प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा आणि बुडबुडा दिसला तर पेटवू नका. ९ किलोच्या सिलिंडरमध्ये सहा ते आठ घाणे निघतात.