पूर ओसरला, झोप परतली नाही

प्रश्न : आमचं गाव करवीर तालुक्यात, नदीकाठी. 2019 ला घर पाण्यात होतं, 2021 ला पुन्हा. आमचे मालक, म्हणजे नवरा, पूर्वी कधीतरीच दारू घ्यायचे. आता पावसाळा लागला की रोज. रात्रभर मोबाइलवर पाण्याची पातळी बघतात, आणि घेतल्याशिवाय झोप येत नाही म्हणतात. हे व्यसन की भीती?

उत्तर : दोन्ही, ताई. पण भीती आधीची. एकदाच आलेल्या संकटातून बहुतेक माणसं हळूहळू सावरतात. 2005, 2019, 2021 असं पाणी पुन्हा पुन्हा दारात आलं, की ते ओसरल्यावरही शरीर पहाऱ्यावरच राहतं. छातीत धडधडतं, चिडचिड होते, पत्र्यावर पाऊस वाजला तरी माणूस दचकतो. त्यात पंचनामा, कुजलेला ऊस, सोसायटीचं कर्ज. ही काळजी दिवाळीनंतरही सुटत नाही. कोल्हापूरजवळच्या पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आकडे तुमच्याकडे पोरांनाही पाठ असतात.

दारूनं गुंगी येते, म्हणून पहिले काही तास बरे जातात. अंमल उतरला की पहाटे जाग येते आणि धडधड आधीपेक्षा वाढलेली असते. मग दुसऱ्या रात्री तेवढ्याच झोपेसाठी जास्त लागते. मालकांना हे दुपारी, शुद्धीवर असताना सांगा. भांडण म्हणून नको.

पातळी बघूच नका, असं मी म्हणणार नाही. नदीकाठच्या माणसाला ती बघावीच लागते. पण रात्रीची पाळी गल्लीत वाटून घ्या. जनावरं कुठं हलवायची, कागदपत्रं कुठं ठेवायची, हे मे महिन्यातच ठरवा. ठरलेलं असलं की जीव थोडा थाऱ्यावर येतो. झोप आणि भीतीवर औषधं आहेत, पण ती डॉक्टरांनीच द्यायची. दारूवर झोपेची गोळी घेणं जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : पुरानंतर माझी मिश्री दिवसातून सात-आठ वेळा होते. सांगायची लाज वाटते.

उत्तर : लाज कसली? घरातला चिखल तुम्हीच उपसलात, आणि तुमच्या मनाला काय झालं हे कुणी विचारलं नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती लावल्यावर हलकं वाटतं ते बरंचसं तलफ भागल्यामुळे. काळजी तिथंच असते. सकाळची पहिली वेळ रोज थोडी पुढं ढकला. 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या, क्रमांकावर मराठीत, फुकट बोलता येतं. आधी तिथं बोला.

प्रश्न : भाऊ रोज भरपूर पितो. चहातून गुपचूप औषध द्यावं, की चार दिवस खोलीत कोंडून दारू तोडावी?

उत्तर : कृपा करून दोन्ही करू नका. दारू सोडवण्याच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ डायसल्फिराम, पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. त्याला न सांगता दिलं, तर सावध तरी कसा राहील? शिवाय कळल्यावर तुमच्या हातचा चहाही तो घेणार नाही.

कोंडणंही तितकंच घातक. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढं भास होतात, वेळकाळ कळत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि बी-1 जीवनसत्त्व देऊन हेच दिवस सुखरूप पार पडतात. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात त्याला विश्वासात घेऊन न्या. दारू बंद केलेलीच असेल आणि तो असंबद्ध बोलू लागला असेल, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.